अमेरिकन लघुकथेंतील भीषण विनोद

हास्य आणि करुण हे एकमेकांचे विरोधी रस आहेत असें आपल्या साहित्यशास्त्रानें सांगून ठेविलें आहे. विश्वनाथानें 'साहित्यदर्पणा'मध्यें रसांचे परस्परविरोध सांगितले आहेत, त्यांत हास्याचे विरोधी म्हणून भयानक आणि करुण ह्या दोहोंचाहि निर्देश आहे. व्यवहारांतील अनुभवहि वरवर पाहतां असाच दिसतो. ज्या घरीं मृत्यु झाला आहे त्या घरीं समाचाराला गेलेला मनुष्य थट्टामस्करी करूं लागला, तर त्याला आपण असभ्य म्हणूं, निदान त्याच्या बुद्धीविषयीं तरी शंका घेऊं. असें असतां गेल्या शंभर वर्षांत अमेरिकेंत लघुकथेची अशी एक परंपरा वाढीस लागली आहे कीं, जिच्यांत खून, फसवणूक, दारिद्र्य, अपमान आणि मरण हे विषय वाचकाला हंसवीत हंसवीत सांगितले जातात. ह्या कथा कांहीं विक्षिप्त लोकांनीं आपसांत वाचण्याच्या नाहींत. त्या मोठ्या खपाच्या साप्ताहिकांतून प्रसिद्ध झाल्या, आणि त्यांतील कित्येकींनीं तेथील शाळा-कॉलेजांच्या कथासंग्रहांत कायमची जागा मिळविली आहे. ह्या कथांचें आकर्षण कशांत आहे, आणि तें आकर्षण निकोप आहे कीं विकृत आहे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

ह्या जातीच्या विनोदाला पश्चिमेकडे 'काळा विनोद' असें म्हणतात. फ्रेंच कवि आंद्रे ब्रेताँ ह्यानें १९४० सालीं ह्या नांवाचा एक संग्रह छापला, आणि अमेरिकेंत ब्रूस जे फ्रीडमन ह्या कथालेखकानें १९६५ सालीं तसाच एक संग्रह काढल्यावर तें नांव तेथें सर्वतोमुखी झालें. नांव उशिरा आलें. वस्तु त्याच्या कितीतरी आधीं अस्तित्वांत होती. 'काळा' ह्या विशेषणानें मराठींत नीट अर्थबोध होत नाहीं, म्हणून आम्ही येथें 'भीषण विनोद' हा शब्द वापरीत आहों.

ह्या विनोदाच्या आकर्षणाची एक सोपी उपपत्ति नेहमीं दिली जाते. दुसऱ्याची फजिती पाहून मनुष्याला हंसू येतें; कोणी पाय घसरून पडला कीं पाहणारा आधीं हंसतो आणि मग हात देतो; तेव्हां मोठी आपत्ति पाहून मोठें हंसू यावें ह्यांत नवल काय? ही उपपत्ति आम्हांस पटत नाहीं. ह्या कथा वाचतांना आपण मरणाऱ्याला हंसत नाहीं, लुबाडल्या गेलेल्यालाहि हंसत नाहीं. आमच्या मतें ह्या कथांतील भीषणता घटनेंत असते, पण विनोद घटनेंत नसतो. तो ती घटना सांगणाऱ्याच्या आवाजांत असतो. घडत असतें भयंकर, आणि बोलणारा मात्र उल्हासानें, सभ्यपणानें, व्यवहारदक्षतेनें बोलत असतो. आपण हंसतों तें त्या आवाजाला. आणि हंसतां हंसतां आपल्या ध्यानांत येतें कीं, हा आवाज आपल्या चांगल्या परिचयाचा आहे, किंबहुना कधीं कधीं तो आपलाच आहे.

असा आवाज अमेरिकेंतच विशेष कां ऐकूं यावा, ह्याला कारण आहे. ज्या राष्ट्रानें १७७६ सालच्या आपल्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यांत जीवित आणि स्वातंत्र्य ह्यांच्या बरोबरीनें सुखाचा शोध हा मनुष्याचा हक्क म्हणून नमूद केला, त्या राष्ट्रांत सुखी असणें हें हळूहळू हक्काचें कर्तव्य होऊन बसलें. हक्क असून जो सुखी झाला नाहीं त्याच्यांतच कांहीं उणें असलें पाहिजे, अशी समजूत तेथें बळावली. पुढें मोठमोठ्या कंपन्या, फिरते विक्रेते आणि जाहिराती ह्यांचें युग आलें, आणि आनंदी चेहरा हें भांडवल झालें. डेल कार्नेगी ह्यांचें मित्र कसे जोडावे ह्याविषयींचें १९३६ सालचें पुस्तक प्रसिद्धच आहे. लोकांना आवडण्याचा एक मार्ग म्हणून त्यांत हंसऱ्या चेहऱ्याचा उपदेश केलेला आहे. उपदेश वाईट नाहीं. परंतु ज्या समाजांत चेहरा नेहमीं हंसरा ठेवावा लागतो, त्या समाजांतील दुःखाला बोलावयाला भाषाच उरत नाहीं. तें दुःख त्याच हंसऱ्या भाषेंतून, आडवाटेनें बाहेर पडतें. भीषण विनोदाची कथा ही ती आडवाट होय.

ह्या परंपरेंतील अगदीं उघड आणि सोपें उदाहरण घ्यावयाचें तर रिंग लार्डनर ह्याची 'हेअरकट' ही कथा घ्यावी. लार्डनर हा मिशिगन प्रांतांतील एका लहान शहरांत १८८५ सालीं जन्मला. खेळांच्या सामन्यांचा बातमीदार म्हणून त्यानें नांव मिळविलें. सामान्य अमेरिकन माणूस कसा बोलतो हें त्याच्या कानांत पक्कें बसलें होतें. 'हेअरकट' ही कथा १९२५ सालीं प्रसिद्ध झाली. तींत एका लहानशा गांवांतील न्हावी परगांवच्या गिऱ्हाइकाचे केस कापतां कापतां जिम केंडल नांवाच्या मृत माणसाच्या आठवणी सांगत आहे. जिम मोठा गमत्या होता, शनिवारीं त्याच्यावांचून दुकानाला रंग येत नसे, अशी त्याची तारीफ चालू आहे. जिमच्या दाढीचा कप अजून फळीवर जपून ठेविला आहे.

आणि ह्या गमती तरी कोणत्या? नोकरी असतांना आगगाडींतून जातां जातां वाटेवरील गांवांतल्या दुकानांच्या पाट्या वाचाव्या, आणि त्या अपरिचित दुकानदारांना त्यांच्या बायकांविषयीं संशय उत्पन्न होईल अशीं निनांवी पत्रें पाठवावीं. बायकोला आणि मुलांना सर्कस दाखवितों म्हणून तंबूच्या दाराशीं बोलवावें आणि स्वतः तिकडे फिरकूंच नये. मुलें रडत उभीं राहावीं आणि अखेर गांवांतल्या तरुण डॉक्टरानें आपल्या खिशांतून पैसे देऊन त्यांना आंत न्यावें. ज्या मुलीचें त्या डॉक्टरावर मन बसलें आहे तिला डॉक्टरच्या आवाजाची नक्कल करून रात्रीं फसवून बोलवावें, आणि टोळकें जमवून तिची विटंबना करावी. न्हावी हें सर्व हंसत सांगतो. गांवांत एक अर्धवट बुद्धीचा मुलगा आहे. त्या मुलीनें आणि डॉक्टरानें त्याला माया लाविलेली असते. असें कृत्य करणाऱ्याला जगूं देतां कामा नये, असे उद्गार डॉक्टरच्या तोंडून त्यानें ऐकले आहेत. पुढें जिम त्याला बदकांच्या शिकारीला बरोबर घेऊन जातो, आणि त्याच्या हातच्या बंदुकीची गोळी लागून मरतो. मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी तोच डॉक्टर. तो अपघात ठरवितो. न्हाव्याचा अभिप्राय इतकाच कीं, वेड्याच्या हातीं बंदूक दिली ही जिमची चूक झाली. एवढें सांगून तो गिऱ्हाइकाला केस कसे विंचरूं म्हणून विचारतो आणि गोष्ट संपते.

ह्या कथेंत वाचकाची जागा कोणती आहे ती पाहावी. वाचक त्या खुर्चींत बसला आहे. गळ्याभोंवतीं कापड गुंडाळलेलें आहे, मानेजवळ वस्तरा आहे, आणि न्हावी हंसला कीं त्यालाहि शिष्टाचार म्हणून हंसावें लागत आहे. पहिल्या एकदोन गमतींना आपण खरोखरच हंसतों. सर्कशीच्या तंबूपाशीं मुलें रडूं लागलीं कीं तें हंसू ओठांवर थिजतें. त्यानंतर न्हावी हंसतो आणि आपण गप्प असतों. लेखकानें ह्यांत स्वतःचा म्हणून एकहि निषेधाचा शब्द घातलेला नाहीं. तो घातला असता तर आपण लेखकाच्या मागें उभें राहून जिमचा धिक्कार केला असता आणि सुटलों असतों. तो न घातल्यामुळें, आपण नक्की कोठें हंसावयाचें थांबलों, ह्याचा हिशेब ज्याचा त्याला द्यावा लागतो. जिम एकटा वाईट होता ही गोष्ट तितकीशी भयंकर नाहीं. सारें गांव त्याला गमत्या म्हणत होतें ही भयंकर आहे.

लार्डनरच्या कथेंत गांव पाठीमागें आहे. शर्ली जॅक्सन ह्या लेखिकेच्या 'द लॉटरी' ह्या कथेंत तें पुढें आलें आहे. ही कथा 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकाच्या २६ जून १९४८ च्या अंकांत प्रसिद्ध झाली. सुमारें तीनशें वस्तीचें एक खेडें. जून महिन्याची २७ तारीख, स्वच्छ ऊन. लोक चौकांत जमत आहेत. पुरुष पेरणी, ट्रॅक्टर आणि कर ह्यांविषयीं बोलत आहेत. दरसाल होणारी सोडत आज आहे. कोळशाचा व्यापार करणारे गृहस्थ नेहमींप्रमाणें व्यवस्था पाहत आहेत. चिठ्ठ्यांची जुनी काळी पेटी आहे. ती वर्षभर कोणाच्या ना कोणाच्या घरांत, दुकानांत पडलेली असते. टेसी हचिन्सन ही बाई उशिरा धांवत येते. भांडीं घासण्याच्या नादांत आज सोडत आहे हें ती विसरूनच गेली होती. ती दोन विनोदी शब्द बोलते आणि जमाव हंसतो. नवऱ्याची पाळी येते तेव्हां तीच त्याला पुढें जाण्याविषयीं चेष्टेनें बजावते, आणि लोक पुन्हां हंसतात. चिठ्ठी तिच्या कुटुंबावर निघते तेव्हां मात्र हा न्याय नव्हे असें ती ओरडूं लागते. अखेर तिच्याच हातीं खुणेची चिठ्ठी येते, आणि शेजारीपाजारी लोक पोरांनीं आधींच रचून ठेविलेल्या ढिगांतून दगड उचलतात. तिच्या धाकट्या मुलाच्या हातांतहि कोणीतरी चार खडे देतो.

ह्या कथेंतील विनोद इतका हळू आहे कीं, दुसऱ्या वाचनाशिवाय तो पुरा ऐकूं येत नाहीं. सोडतीचे जुने विधि लोक विसरले आहेत, मूळची पेटी केव्हांच हरवली आहे, चिठ्ठ्यांसाठीं पूर्वीं लांकडाच्या चकत्या असत त्यांच्या जागीं सोयीसाठीं कागद आला आहे. येवढी सारी सुधारणा झाली, दगड तेवढे राहिले. आटोपशीर सभेचा, वेळेवर जेवणाला घरीं पोंचण्याचा हा जो कारभारी स्वर आहे तोच येथें न्हाव्याची जागा घेतो. टेसीचा प्रश्नहि नीट ऐकला पाहिजे. सोडत असावी कीं नसावी हा तिचा प्रश्न नाहीं. ती माझ्यावर कां, येवढाच आहे. काल दुसऱ्या कोणावर चिठ्ठी निघाली असती तर तिनें दगड उचलला असता ह्यांत संशय नाहीं. आणि तरीहि तिच्यासाठीं आपला जीव तुटतो. करुणेला पात्र होण्यासाठीं मनुष्य निर्दोष असावा लागत नाहीं, ही गोष्ट ही कथा अतिशय कठोरपणें शिकविते.

कथा प्रसिद्ध झाल्यावर जें झालें तें कथेइतकेंच बोलकें आहे. त्या उन्हाळ्यांत लेखिकेकडे तीनशेंहून अधिक पत्रें आलीं. त्यांत गोंधळ होता, तर्क होते आणि शिव्याहि होत्या. प्रत्यक्ष आईनें सुद्धां नापसंती कळविली. परंतु लेखिकेनें स्वतः सांगून ठेविल्याप्रमाणें कित्येक पत्रांत वेगळीच पृच्छा होती: अशा सोडती कोठें होतात, आणि त्या पाहावयास जातां येईल काय? दक्षिण आफ्रिकेच्या सरकारनें ह्या कथेवर बंदी घातली, तेव्हां निदान त्यांना तरी ती समजली असें लेखिकेस वाटलें. पाहावयास येऊं काय, असें विचारणारा वाचक हा ह्या कथेनें निर्माण केलेला नव्हे. तो आधींच होता, कथेनें त्याला बोलतें केलें.

फ्लॅनरी ओकॉनर हिच्याकडे आलें म्हणजे हा स्वर अधिक सुसंस्कृत होतो आणि विनोद अधिक मोकळा. ही लेखिका १९२५ सालीं जॉर्जिया प्रांतांत जन्मली, आणि ल्यूपस ह्या दुखण्यानें १९६४ सालीं, चाळिशीच्या आंत, वारली. अखेरचीं वर्षें तिनें मिलेजव्हिलजवळच्या शेतावर आईजवळ काढलीं. तेथें ती मोर पाळीत असे. ती श्रद्धाळू कॅथॉलिक होती. 'ए गुड मॅन इज हार्ड टु फाइंड' ह्या १९५३ सालच्या तिच्या कथेंत एक कुटुंब मोटारीनें फ्लॉरिडाला निघालें आहे. आजीला जावयाचें आहे दुसरीकडे. वर्तमानपत्रांतील पळून गेलेल्या खुनी कैद्याची बातमी दाखवून ती मुलाला भिवविते, पण तिचें कोणी ऐकत नाहीं. निघतांना ती उत्तम पोशाख करते. हेतु हा कीं, अपघातांत आपलें प्रेत रस्त्यावर पडलें तरी पाहणाऱ्याला आपण खानदानी बाई होतों हें कळावें. येथें हंसू न येणारा वाचक विरळा. वाटेंत एका झोंपडीच्या दारांत उघडानागडा निग्रो मुलगा दिसतो, तेव्हां त्याचें चित्र काढावें असें तिला वाटतें. मुलाच्या अंगावर कपडे कां नाहींत ह्याचें कारण तिला ठाऊक आहे. तें ती सहज सांगून टाकते आणि पुन्हां चित्राच्या शोभेकडे वळते. दारिद्र्याला चित्र करून टाकण्याची ही युक्ति सभ्य माणसांना सर्व देशांत साधलेली आहे.

पुढें तिच्याच एका चुकीच्या आठवणीपायीं मोटार आडरस्त्याला जाते, तिनें लपवून आणलेली मांजर उसळते, मोटार उलटते. आणि नेमका तो खुनी आपल्या दोन सोबत्यांसह तेथें येतो. अपघात झाला म्हणून मुलें आनंदानें ओरडतात. कोणी मेलें नाहीं ह्याची त्यांना खंत वाटते. त्यांची ही इच्छा फार लवकर पुरी होणार असते. एकेकाला रानांत नेलें जातें, गोळ्यांचे आवाज येतात, आणि आजी आपली त्या खुन्याला तूं चांगल्या घरचा दिसतोस म्हणून सांगत असते. जन्मभर जी भाषा दुकानदारापासून पाहुण्यापर्यंत सर्वत्र चालली ती येथें चालत नाहीं. शेवटच्या क्षणीं ती भाषा गळून पडते. समोरचा मनुष्य आपल्याच पोटचा आहे अशा भावनेनें ती त्याला हात लावते, आणि तो गोळी घालतो. लेखिकेच्या धर्मश्रद्धेप्रमाणें हा ईश्वरी कृपेचा क्षण आहे. ती श्रद्धा नसलेल्या वाचकालाहि इतकें दिसतें कीं, कथाभर ज्या बाईला आपण हंसलों ती ह्या एका क्षणीं आपल्याहून मोठी झाली. हंसणाऱ्याला असें एकाएकीं खालीं उतरविणें हें ओकॉनरचें खास कौशल्य होय.

'गुड कंट्री पीपल' ह्या तिच्या १९५५ सालच्या कथेंत तर फसविणारा प्रत्यक्ष विक्रेता आहे, आणि तो बायबल विकतो. तत्त्वज्ञानाची पंडित असलेली, लांकडी पायाची एक तरुणी ह्या भोळ्या खेडुताला नादीं लावून शहाणें करण्याचा बेत करते, आणि तो तिचा लांकडी पाय पेटींत घालून पसार होतो. तिच्या आईच्या तोंडीं सदैव गोड गुळगुळीत म्हणी. मुलीच्या तोंडीं सर्व कांहीं शून्य असल्याचें तत्त्वज्ञान. दोघींचीहि भाषा एकाच भामट्यापुढें सारखीच निरुपयोगी ठरते.

ह्यानंतर अर्धशतक ओलांडून आम्ही जॉर्ज साँडर्स ह्याच्याकडे येतों, कारण ह्या परंपरेचें आजचें रूप त्याच्या कथांत स्पष्ट दिसतें. हा १९५८ सालीं टेक्सस प्रांतांत जन्मला. शिक्षणानें भूभौतिकी शाखेचा इंजिनियर. कांहीं वर्षें त्यानें एका कंपनींत तांत्रिक अहवाल लिहिण्याचें काम केलें. कादंबरीबद्दल २०१७ सालीं त्याला बुकर पारितोषिक मिळालें, पण त्याचें खरें सामर्थ्य लघुकथेंत आहे. त्याच्या वेळेपर्यंत तो आनंदी आवाज न्हाव्याच्या दुकानांतून निघून कचेरींत जाऊन बसला होता. 'पॅस्टोरालिया' ह्या कथेंत एक मनुष्य करमणुकीच्या बागेंत गुहेंतल्या आदिमानवाची नोकरी करतो. बोलावयाचें नाहीं, नुसतें गुरगुरावयाचें. आणि रोज सायंकाळीं सहकारी बाईच्या कामगिरीचा अहवाल व्यवस्थापकांना फॅक्सनें पाठवावयाचा. घरीं मुलगा आजारी, बाईच्या पाठीमागें तिच्या मुलाचें दुःख. आणि व्यवस्थापकांकडून येणाऱ्या पत्रकांची भाषा इतकी मायाळू कीं, कोणाला कामावरून काढण्यांत येणार आहे हेंच मुळीं कळूं नये. अशीं पत्रकें आतां आपल्याकडील कचेऱ्यांतहि येतात. तेव्हां हा विनोद समजावयाला आपल्या वाचकांस अमेरिकेस जाण्याची जरुरी नाहीं.

'सी ओक' ह्या त्याच्या १९९८ सालच्या कथेचें नांव एका चाळवजा वसाहतीचें आहे. तेथें समुद्रहि नाहीं आणि ओक वृक्षहि नाहीं. जन्मभर कुरकुर न करतां औषधांच्या दुकानांत राबलेली, जें मिळेल तें गोड मानून घेणारी बर्नी मावशी घरांत चोर शिरल्याच्या भीतीनेंच मरते. मग ती थडग्यांतून उठून घरीं येते. तेंहि शिवीगाळ करीत. भाच्याला आणि भाच्यांना ती दरडावते कीं, हें जिणें सोडा, पैसा मिळवा, चांगल्या वस्तींत राहावयास जा. बोलतां बोलतां तिच्या देहाचे अवयव गळून पडत असतात, आणि तिच्या अशिष्ट बोलण्याला आपण हंसत असतों. तिचें अखेरचें गाऱ्हाणें मात्र हंसण्याजोगें नाहीं: कोणाला सर्व कांहीं मिळालें, मला कांहींच मिळालें नाहीं, असें कां? जिवंतपणीं सदा समाधानी असलेल्या बाईला हा प्रश्न विचारावयास मरावें लागलें, ह्यांतच सारी कथा आली.

आणि २०१२ सालच्या 'द सेम्प्लिका गर्ल डायरीज' ह्या कथेंत तो आवाज घराच्या आंत, बापाच्या रोजनिशींत शिरला आहे. मध्यम स्थितीचा, कर्जांत बुडालेला एक प्रेमळ बाप. शेजारच्या श्रीमंतांच्या बागेंत शोभेसाठीं टांगलेल्या मुली आहेत. त्या गरीब देशांतून करार करून आलेल्या आहेत, आणि त्यांच्या डोक्यांतून बारीक तार ओवून त्यांना वाऱ्यावर झुलत ठेविलेलें आहे. दुखत नाहीं म्हणे. शिवाय त्या घरीं पैसे पाठवितात. लॉटरींत दहा हजार डॉलर मिळतांच बाप मुलीच्या वाढदिवसाला आपल्याहि अंगणांत त्या टांगतो, आणि मुलीच्या चेहऱ्यावरील आनंद पाहून धन्य होतो. धाकटी आठ वर्षांची मुलगी एका रात्रीं त्यांना सोडून देते. बापाला कळत नाहीं कीं, त्या पळाल्या कशासाठीं. ह्या कथेंत दुष्ट असा कोणी नाहींच. मुलांना इतरांच्या बरोबरीनें सर्व मिळावें ही कोणत्याहि मध्यमवर्गीय आईबापांची इच्छा, येवढेंच त्याचें पाप. म्हणून ही कथा आम्हांस चारही लेखकांच्या कथांत सर्वांत अधिक भीषण वाटते. न्हाव्याच्या खुर्चीवरून उठून जातां येत होतें. रोजनिशी लिहिणाऱ्याच्या मनांतून उठून कोठें जाणार?

आतां आरंभीच्या आक्षेपाकडे वळूं. हास्य आणि करुण एकत्र आल्यानें रसभंग होतो, तो येथें कां होत नाहीं? आनंदवर्धनानें 'ध्वन्यालोका'च्या तिसऱ्या उद्योतांत विरोधी रसांचा विरोध टाळण्याचे मार्ग सांगितले आहेत. त्यांपैकीं एक असा कीं, त्यांचे आश्रय भिन्न ठेवावे. तेथें प्रश्न आश्रयाचा आहे, येथें आलंबनाचा. पण युक्ति एकाच जातीची आहे. हास्याचा विषय बोलणाऱ्याचा आवाज, आणि करुणेचा विषय त्या आवाजानें झांकलेलें दुःख. गडकऱ्यांच्या 'एकच प्याल्यां'त तळीरामाचें मंडळ हंसवितें आणि सिंधूची दशा रडविते. परंतु तेथें बहुतेक वेळां हास्याचे प्रवेश निराळे आणि शोकाचे निराळे. अमेरिकन कथाकारानें तें अंतर काढून टाकून दोन्ही एकाच वाक्यांत आणलीं आहेत. त्यामुळें हंसू हें दुःखापासून क्षणभर मिळालेली विश्रांति राहत नाहीं. तेंच दुःखाकडे नेणारें दार होतें.

ह्यावरून हा विनोद निकोप केव्हां आणि विकृत केव्हां हें ठरवितां येईल असें आम्हांस वाटतें. वर सांगितलेल्या बहुतेक कथांत न हंसणारा असा एक तरी जीव आहे. लार्डनरच्या गांवांत तो अर्धवट मुलगा. साँडर्सच्या घरांत आठ वर्षांची पोर. ओकॉनरच्या कथेंत, एका क्षणापुरती कां होईना, ती आजी. सर्वांना गंमत वाटत असतां ह्यांना ती कळत नाहीं, म्हणून जग त्यांना कमी बुद्धीचे म्हणतें. जॅक्सनच्या चौकांत मात्र असा कोणीच नाहीं; तेथें ती जागा वाचकासाठीं रिकामी ठेविली आहे. जेथें ही जागाच नसते, लेखकासह सर्वच हंसत असतात, तेथें उरतो तो नुसता निष्ठुरपणा, आणि अशा कथाहि पुष्कळ लिहिल्या जातात. ह्या थोर लेखकांच्याहि हातून तोल जात नाहीं असें नाहीं. लांकडी पाय गमावलेल्या त्या विदुषीला ओकॉनर हिनें जितकी शिक्षा दिली तितकी माया दिली नाहीं, असें आमचें मत आहे. साँडर्सच्या करमणुकीच्या बागा आणि कचेरीचीं पत्रकें पुनःपुन्हां येऊं लागलीं म्हणजे युक्ति ओळखीची होते, आणि शेवटीं येणारी कनवाळू कलाटणी आधींच दिसूं लागते.

हे दोष मान्य करूनहि ह्या कथा सुशिक्षित कुटुंबांतून वाचल्या जाव्या अशी आमची शिफारस आहे. नव्या वाचकानें प्रथम 'हेअरकट' घ्यावी आणि जमल्यास ती मोठ्यानें वाचावी. न्हाव्याचा स्वर कानीं पडल्याशिवाय तिचें मर्म कळत नाहीं. मग 'द लॉटरी' दोनदां वाचावी. ओकॉनर आणि साँडर्स ह्यांच्याकडे त्यानंतर जावें. साँडर्सची भाषा आणि कांहीं प्रसंग उघडेवाघडे आहेत, तेव्हां लहान मुलांच्या हातीं तीं पुस्तकें देतांना वडील माणसांनीं विचार करावा. वाचतांना एकच पथ्य पाळावें. हंसू आलें तर तें दाबूं नये, कारण तें आल्यावांचून ह्या कथा आपलें काम करीत नाहींत. पण तें कोठें थांबलें त्या ओळीवर बोट ठेवून पाहावें. अमेरिकेंतील माणसें कशीं बोलतात हें ह्या कथांवरून कळतें, तें खरेंच; परंतु त्या ओळीच्या अलीकडे आपण कोणाकोणाच्या दुःखाला हंसलों हेंहि त्याच वेळीं कळतें, आणि तें सांगणारा दुसरा मित्र मिळणें कठीण.